फँटसी कादंबरीतली सरदारकन्या : तिच्या हाती सत्ता कशी यावी

फँटसी लिहू लागलेल्यांच्या हस्तलिखितांत एक नायिका वारंवार भेटते. ती सरदाराची किंवा मांडलिक राजाची मुलगी असते, वय सोळा-सतरा, लग्न नको त्या माणसाशी ठरलेले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात ती रात्री पागेतून घोडा काढून पळून जाते. पुढे ती तलवार शिकते, अंगातली एखादी सुप्त शक्ती जागी होते आणि शेवटच्या प्रकरणात ती गादीवर बसते. या कथानकात मुळात वाईट असे काही नाही. अडचण एवढीच, की पळून जाणे आणि गादीवर बसणे यांच्या दरम्यान जे घडायला हवे ते लेखकाने लिहिलेलेच नसते. गादीवर बसलेल्या या मुलीचा हुकूम दुसऱ्या दिवशी सकाळी कोण पाळणार आणि का पाळणार, याचे उत्तर पुस्तकात कुठेही सापडत नाही.

याचे कारण असे, की स्वातंत्र्य आणि सत्ता या दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर एकामागून एक भेटतात असे लेखक गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या नायिकेला दोन बाजूंना ओढत असतात. घर सोडून गेलेल्या सरदारकन्येला स्वतःपुरते निर्णय घेता येतात, पण तिच्या शब्दाला जे काही वजन होते ते घराण्याच्या नावामुळे, जमिनीमुळे आणि नात्यागोत्यामुळे होते, आणि ते सगळे ती उंबरठ्याच्या आत ठेवून आलेली असते. घरात राहिलेल्या मुलीच्या आसपास सत्तेची सगळी साधने असतात, मात्र त्यांना हात लावण्याची तिला मुभा नसते. ही ओढाताण हाच अशा कादंबरीचा खरा विषय आहे, आणि ती शेवटच्या पानापर्यंत टिकवायची असेल तर लेखकाला काही गोष्टी लिखाण सुरू करण्यापूर्वीच ठरवाव्या लागतात.

आधी बंधन कागदावर मांडावे

‘समाज तिला मोकळीक देत नव्हता’ या वाक्याचा कादंबरीकाराला काडीचाही उपयोग नाही, कारण अशा धूसर बंधनाला धूसर बंडाखेरीज उत्तर देता येत नाही. बंधन नेमके असेल तरच त्यातली फट नेमकी सापडते. म्हणून आपल्या कल्पित राज्यापुरता एक पानाचा कायदा लिहून काढावा. वडील वारल्यावर मुलीची मुखत्यारी कोणाकडे जाते, जहागिरीचे उत्पन्न तोवर कोण खातो, ती सज्ञान कधी होते, तिच्या संमतीवाचून तिचे लग्न लागू शकते का, तिची साक्ष न्यायसभेत चालते का, आणि कोणत्या कागदावर तिच्या मोर्तबाची गरज लागते, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्यात आली पाहिजेत. हा कायदा कादंबरीत छापायचा नसतो. तो लेखकाच्या टेबलावर असावा लागतो.

इतिहासात यासाठी भरपूर माल पडलेला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन मिळालेला सरदार अज्ञान वारस मागे ठेवून वारला, की त्या वारसाचे पालकत्व राजाकडे जाई, आणि राजा ते दुसऱ्या एखाद्या सरदाराला चक्क विकू शकत असे. विकत घेणाऱ्याला त्या काळापुरते जमिनीचे उत्पन्न मिळे आणि वारसाचे लग्न ठरवण्याचा हक्कही मिळे. म्हणजे अनाथ सरदारकन्या ही बाजारात किंमत असलेली मिळकत होती. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेत, या व्यवहारांना लगाम घालणारी कलमे आहेत : पालकाने जमिनीतून वाजवीपेक्षा जास्त उत्पन्न काढू नये, वारसाचे लग्न त्याच्या दर्जापेक्षा खालच्या घरात लावू नये, आणि विधवेला तिच्या इच्छेविरुद्ध लग्न करायला भाग पाडू नये. मात्र या शेवटच्या कलमाला एक शेपूट आहे. जिची जमीन राजाकडून आहे त्या विधवेने राजाच्या संमतीवाचून लग्न करणार नाही अशी हमी द्यावी लागे. लेखकाने अशी शेपटे हेरायला शिकावे. हक्क आणि त्याला जोडलेली अट यांच्यामधल्या जागेत कथानक वाढते.

याच व्यवस्थेत आणखी एक मौज आहे. कुमारिका पालकाच्या ताब्यात, विवाहितेची मिळकत पतीच्या ताब्यात (इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवून तिचा व्यवहार करण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला), आणि विधवा मात्र त्या मानाने मोकळी. तेव्हा लग्न टाळणाऱ्या मुलीपेक्षा एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली आणि दुसरे लग्न टाळू पाहणारी मुलगी ही अधिक कसदार नायिका ठरू शकते. तिच्याजवळ गमावण्यासारखे काहीतरी असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे वृत्ती आणि आबध्य, म्हणजे निर्वाहाची तरतूद आणि दागिने, असे दोन भाग सांगितले आहेत, आणि पती निर्वाहाची सोय न लावता परदेशी गेला तर पत्नीने ते धन वापरण्यात दोष नाही, तसेच रोगराई किंवा दुष्काळासारख्या संकटात पतीनेही ते वापरावे, असे अपवादही दिले आहेत. संकट आले आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढा एकच प्रश्न पकडून दोन प्रकरणे लिहिता येतील.

एक नायिका जवळून

पुढचे मुद्दे हवेत राहू नयेत म्हणून एक नायिका घेऊ. इरावती सतरा वर्षांची आहे. खाडीकाठचा एक किल्ला आणि त्याखालची मिठागरे ही तिच्या घराण्याची मिळकत. त्यांपैकी मिठागरे आईकडून आलेली, म्हणून कायद्याने ती इरावतीची. वडील वारले आहेत, मुखत्यारी काकांकडे आहे. कारभार काकांनी पाहायचा, मात्र आईकडून आलेल्या मिळकतीच्या कोणत्याही मक्त्यावर वारसाचे मोर्तब लागते, अशी या राज्याची रीत. आजवर ती दाखवलेल्या जागी निमूटपणे मोर्तब करत आली आहे.

आता तिच्या बंडाचा पहिला प्रसंग लिहायचा आहे. नवखा लेखक असे लिहील : ‘“मी कुणाच्या हातचं बाहुलं नाही! माझं आयुष्य मी जगणार!” असे ओरडून इरावती सदरेवरून निघून गेली.’ वाचकाला क्षणभर बरे वाटते, पण कथेत काहीही हललेले नसते. काकांचे काहीच बिघडलेले नाही, उलट पुतणी हट्टी आहे असे चार लोकांसमोर सिद्ध झाले आहे. तोच प्रसंग वर ठरवलेल्या कायद्याचा आधार घेऊन असा लिहिता येतो :

काकासाहेबांनी कागद पुढे सरकवला. “इरा, इथे मोर्तब कर. मिठागरांचा मक्ता आहे, दरवर्षीचाच.”

“करते, काकासाहेब. पण गेल्या वर्षीच्या मक्त्यात चारशे खेपा लिहिल्या आहेत आणि नाक्याच्या वहीत सहाशे. वरच्या दोनशे कुणाच्या नावावर गेल्या, तेवढं बाळोबांना विचारून घेऊ का?”

कारभारी बाळोबा खाली पाहत राहिले. काकासाहेबांनी कागदाची सुरळी केली. “आज उशीर झालाय,” ते म्हणाले. “उद्या बघू.”

इथे इरावतीने आवाज चढवलेला नाही, उलट ‘करते’ असेच म्हटले आहे. तिच्या पदरात पडला आहे तो फक्त एक दिवस. पण त्या एका दिवसात काकांना हे कळले की पोरगी हिशेब वाचते, बाळोबांना हे कळले की आपण उघडे पडू शकतो, आणि वाचकाला हे कळले की नाक्याची वही तिच्यापर्यंत कोणीतरी पोहोचवली. पुढच्या प्रकरणाची सोयही इथेच लागते : काका नाक्यावरचा लेखनिक बदलतील. तो लेखनिक तिच्या आईने नेमलेला होता, ही गोष्ट मात्र आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज बोलता बोलता येऊन गेलेली असली पाहिजे, नाहीतर वही आकाशातून पडल्यासारखी वाटेल.

प्रतिपक्षाकडेही तेवढेच लक्ष द्यावे. काका चोर आहेत एवढ्यावर थांबू नये. वरच्या दोनशे खेपांचा पैसा त्यांनी किल्ल्याच्या पडक्या तटावर आणि शिबंदीच्या थकलेल्या पगारावर खर्च केला असेल, आणि पुतणी उद्या लग्न करून मिठागरे परक्या घरात नेईल ही त्यांची भीती खरी असेल, तर इरावतीला त्यांना हरवणे अवघड जाईल आणि हरवल्यावर तट सांभाळणेही तिच्याच गळ्यात पडेल. नीच, लंपट आणि मूर्ख विरोधक ठेवला की नायिकेला शहाणे होण्याची गरजच उरत नाही.

पैसा, माणसे आणि मग शस्त्र

फँटसीत हा क्रम सहसा उलटा दिसतो. नायिका आधी तलवार शिकते, मग तिला चार जिवलग साथीदार मिळतात, आणि पैशाचा प्रश्न कधी निघतच नाही. जहागिरीच्या जगात उलट घडते. उत्पन्न कुठून येते हे जिला ठाऊक आहे तिला माणसे राखता येतात, आणि जिच्याजवळ माणसे आहेत तिला स्वतः तलवार उचलण्याची वेळ क्वचित येते. १४०५ साली फ्रान्समधली लेखिका क्रिस्तीन द पिझाँ हिने स्त्रियांसाठी लिहिलेल्या उपदेशग्रंथात, सरदार बाहेर असताना त्याच्या पत्नीला जहागिरीचे उत्पन्न, जमिनीचे हक्क आणि युद्धाचे नियमही ठाऊक असले पाहिजेत असे बजावले आहे. तेव्हा जमाखर्च पाहणारी सरदारस्त्री ही आधुनिक मनाने मागे नेऊन लावलेली कल्पना नाही. भरतकाम आवडत नाही आणि घोडेस्वारी आवडते, एवढ्याने नायिका वेगळी ठरवण्याची सवय मात्र बरीच अलीकडची आहे आणि ती आता पुरती झिजली आहे.

शिक्षणाचा काळ कादंबरीत खरा वाटावा यासाठी अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ पर्यंत हयात होते. या मधल्या बारा वर्षांत मल्हाररावांनी त्यांच्यावर कारभाराची कामे सोपवली, आणि तोफखाना, दारूगोळा, रसद यांची व्यवस्था लावण्याविषयी त्यांनी सुनेला लिहिलेली पत्रे आहेत. १७६७ मध्ये मुलगा मालेराव वारल्यावर राघोबादादा फौज घेऊन आले तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहिलेली स्त्री राज्याची गणिते कोळून प्यायलेली होती. पुढे फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली आणि महसूल व खासगीचा कारभार स्वतःच्या हाती ठेवला. हा शेवटचा निर्णय लेखकांनी जरा निरखून पाहावा. शस्त्र दुसऱ्याच्या हाती देऊन सत्ता आपल्याकडे राखता येते, आणि ती कशी राखली हे दाखवणारे प्रकरण द्वंद्वयुद्धाच्या प्रकरणापेक्षा कमी रंगतदार असण्याचे काही कारण नाही.

माणसे जोडताना प्रत्येकाचा स्वार्थ लिहून ठेवावा. म्हातारी दाई, निष्ठावान रक्षक, खोडकर पण प्रामाणिक चोर, हे सगळे नायिकेवर पहिल्या भेटीतच जीव टाकतात तेव्हा वाचकाचा विश्वास उडू लागतो. किल्लेदाराला आपल्या मुलाला वतन हवे असेल, बाळोबांना आपली जुनी अफरातफर झाकायची असेल, दासीला लग्नाची परवानगी हवी असेल. इरावतीने या प्रत्येकाला काय कबूल केले याची नोंद लेखकाने ठेवावी, कारण ती वचने पुढे परस्परविरोधी ठरणार आहेत आणि कादंबरीचा दुसरा अर्धा भाग त्यांवरच उभा राहणार आहे.

नवी माणसे वर आणण्याची एक किंमतही असते. १२३६ मध्ये दिल्लीच्या तख्तावर आलेल्या रझिया सुलतानने याकूत या हबशी माणसाला अमीर-इ-आखूर, म्हणजे शाही पागेचा प्रमुख, नेमले. मोठी पदे आपलीच समजणाऱ्या तुर्की अमीरांना ते सहन झाले नाही, आणि १२४० मध्ये तिची सत्ता गेली. तिच्याविरुद्ध बंड होण्याची कारणे एवढीच नव्हती, पण कादंबरीकाराला यात एक पक्की अडचण सापडते. जुन्या सरदारांवर विसंबावे तर ते नायिकेला बाहुली करतात, आणि आपली माणसे वर आणावीत तर जुने सरदार एक होतात. हा पेच सोडवण्याची घाई लेखकाने करू नये.

लग्न : शिक्षा, ढाल आणि करार

लग्न म्हणजे नायिकेने टाळायची आपत्ती, असे सरसकट मानल्यामुळे कथेतले सगळ्यात धारदार साधन वाया जाते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या ॲक्विटेनची वारस एलेनोर हिचे उदाहरण घ्या. मार्च ११५२ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याशी असलेला तिचा विवाह रद्द झाला आणि तिचा विस्तीर्ण प्रदेश तिच्याकडे परत आला. वर म्हटलेल्या कसोटीने ती आता स्वतंत्र होती. पण परतीच्या वाटेवरच तिला पळवून नेऊन जबरदस्तीने लग्न लावण्याचे प्रयत्न झाले, कारण तिला पकडणाऱ्याला ॲक्विटेन मिळणार होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने, पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले. एकटी आणि जमीनदार असणे ही त्या जगात सगळ्यात धोक्याची अवस्था होती, आणि दुसरा पती ही तिची ढाल होती. त्याच पतीने पुढे मुलांच्या बंडात सामील झाल्याबद्दल तिला पंधराएक वर्षे कैदेत ठेवले, आणि ११८९ मध्ये तो वारल्यावर ती सुटली व मुलगा राजा रिचर्ड याच्या गैरहजेरीत राज्यकारभारात वजन राखून राहिली. एकाच आयुष्यात स्वातंत्र्य आणि सत्ता यांची अदलाबदल इतक्या वेळा झालेली असताना लेखकाने आपल्या नायिकेला एकाच वळणावर समाधान का मानू द्यावे?

स्पेनमधल्या कॅस्टीलच्या इझाबेलाचे उदाहरण आणखी उपयोगी पडते, कारण तिथे कागद आहे. सावत्र भाऊ राजा चौथा हेन्री याच्या संमतीवाचून तिने १४६९ मध्ये आरागॉनच्या फर्डिनांडशी लग्न केले, पण त्याआधी त्याच्याकडून अटी मान्य करून घेतल्या : त्याने कॅस्टीलमध्ये राहावे, तिच्या संमतीवाचून तिथे नेमणुका करू नयेत, हुकूमनाम्यांवर दोघांच्या सह्या असाव्यात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या वतीने झालेली ही घासाघीस म्हणजे फँटसी लेखकाला आयता मिळालेला प्रसंग आहे. लग्नाच्या वाटाघाटीचे प्रकरण लिहिताना प्रेम बाजूला ठेवावे असे नाही. उलट ज्याच्यावर मन बसले आहे त्याच्याशीच कलमाकलमावरून भांडावे लागणे ही मोठी नाट्यमय गोष्ट आहे. इरावतीपुढे दोन स्थळे ठेवावीत, एक मनाजोगते आणि एक तिच्या अटी मान्य करणारे, आणि निवड शक्य तितकी लांबवावी.

उसनी सत्ता

बऱ्याचशा कर्त्या स्त्रियांनी राज्य चालवले ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने. फँटसीत ही शक्यता फारशी वापरली जात नाही, याचे आश्चर्य वाटते. राजाराम महाराज १७०० मध्ये वारल्यावर ताराबाईंनी लहानग्या मुलाच्या नावाने औरंगजेबाशी युद्ध चालू ठेवले आणि ते निभावले. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, मोगलांच्या कैदेतून शाहू सुटून आले, आणि खेडच्या लढाईच्या सुमारास धनाजी जाधवांसारखा सेनापती त्यांच्या बाजूला गेला. सात वर्षे ज्या मुलाच्या नावाने राज्य चालले त्या नावापेक्षा वजनदार नाव समोर उभे राहिले होते. पुढे १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवत राजसबाई आणि त्यांचे पुत्र दुसरे संभाजी यांच्या बाजूने कोल्हापूरच्या गादीवरही उलटापालट झाली आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत पडले. नूरजहाँच्या नावाची नाणी पडली, तिने फर्माने काढली, पण जहांगीर १६२७ मध्ये वारला आणि तिचाच भाऊ असफखान आपल्या जावयाच्या, म्हणजे शाहजहानच्या, बाजूने उभा राहिला. नूरजहाँचे उरलेले आयुष्य लाहोरला राजकारणाबाहेर गेले.

या सगळ्यांतून लेखकाने स्वतःला विचारण्याचा प्रश्न निघतो : ज्याच्या नावावर नायिका सत्ता चालवते तो उद्या मेला, सज्ञान झाला किंवा फिरला, तर तिच्याजवळ काय उरेल? इरावतीला तिच्या आठ वर्षांच्या चुलतभावाची मुखत्यार केले तर कथेला आपोआप मुदत लागते. तो मुलगा मोठा होत आहे, ती त्याच्यावर माया करते, आणि त्याचा प्रत्येक वाढदिवस तिची मुदत कमी करतो. याहून चांगला ताण कोणत्याही राक्षसाने निर्माण होणार नाही.

जादूने कुलूप उघडू नये

जादूविषयी एकच पथ्य पाळले तरी पुष्कळ. ज्या अडचणीवर कथानक उभे आहे ती अडचण जादूने सोडवू नये. ज्वाळा फेकणारी मुलगी काकांना घाबरवू शकते, पण खेपांचा हिशेब, शिबंदीचा पगार आणि लग्नाचा करार ज्वाळांनी मिटत नाहीत. त्याउलट जादूमुळे बंधन वाढले तर ती कथेच्या कामाची ठरते. समजा वादळाची चाहूल लागण्याची शक्ती या राज्यात आईकडून मुलीकडे येते. मग बंदरे आणि मिठागरे असलेले प्रत्येक घराणे अशा मुलींवर नजर ठेवील, लग्नाच्या करारात न जन्मलेल्या मुलीवर कोणाचा हक्क हे कलम असेल, अशा मुलींना सरहद्द ओलांडायला परवाना लागेल, आणि त्यांना पळवण्याचा धंदाही चालत असेल. शक्ती स्त्रियांची असूनही कायदे पुरुषांचे का, याचे उत्तरही द्यावे लागेल. ते देता देता निम्मे जग उभे राहते.

इरावतीला ती शक्ती आहे आणि काकांना त्याचा पत्ता नाही, असे ठरवू. मिठाच्या पाण्यात हात घातला की तिला दोन दिवसांनी येणारे वादळ कळते. वाफ्यांतले मीठ वादळाआधी उचलले तर हंगाम वाचतो, म्हणजे या शक्तीला रोकड किंमत आहे. पण तिने ती एकदा उघडपणे वापरली की राजा तिला दरबारात मागून घेईल. मिठागरे वाचवायची की स्वतःला लपवायचे, हा प्रसंग हंगामाच्या ऐन मध्यावर आणावा. शक्ती वापरल्यावर डोके दुखते, नाकातून रक्त येते, या ठरावीक किमतींपेक्षा ही किंमत वाचकाला जास्त जाणवेल.

तिच्या खालची माणसे

सरदारकन्या बंधनात असली तरी ती इतरांच्या श्रमावर जगते, हे विसरलेली कादंबरी आजच्या वाचकाला खटकते आणि खटकलेच पाहिजे. चारशेच्या जागी सहाशे खेपा निघाल्या याचा अर्थ मिठागरातल्या मजुरांनी तेवढे जास्त राबून दिले. इरावतीला कारभार मिळाल्यावर ती त्यांची मजुरी वाढवील का? तटाची डागडुजी राहिली आहे, किल्लेदाराला वचन दिले आहे, शिबंदीचे पगार थकले आहेत. बहुधा ती या वर्षी मजुरी वाढवणार नाही, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणेल, अगदी काकासाहेब म्हणाले होते तसे. हा प्रसंग लेखकाने टाळू नये आणि त्याची सफाईही देऊ नये. मजुरांपैकी एखादी बाई तिच्यासमोर येऊन सरळ विचारते आणि इरावतीजवळ उत्तर नसते, एवढे दाखवले तरी चालेल.

इतर स्त्रियांनाही केवळ नायिका उठून दिसावी म्हणून मूर्ख, मत्सरी किंवा दागिन्यांत रमलेल्या करू नये. काकूने त्याच व्यवस्थेत राहून स्वतःची ताकद कमावलेली असेल; तिला इरावतीचे बंड पोरकट वाटेल आणि कदाचित तिचे म्हणणे अर्धे बरोबरही असेल.

वेग आणि शेवट

नायिकेचे वय आणि कादंबरीतला काळ यांचा मेळ घालावा. सतरा वर्षांच्या मुलीने सहा महिन्यांत राज्य मिळवले असे लिहिण्याऐवजी मध्ये दोन-तीन वर्षांची झेप घ्यावी आणि झेपेनंतरच्या पहिल्याच प्रसंगात बदल दिसू द्यावा : सदरेवर ती आता कुठे बसते, बाळोबा तिला ‘बाळ’ म्हणतात की ‘बाईसाहेब’, काका कागद सरकवतात की वाचून दाखवतात. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर एकदा फक्त एवढ्यासाठी वाचावे, की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तिच्या हाती आधी नव्हते असे काय आले आणि त्यासाठी काय गेले. ज्या प्रकरणापुढे दोन्ही रकाने रिकामे राहतील ते बहुधा काढून टाकता येते. फक्त आलेलेच भरले आणि गेलेले कोरे राहिले, तर तिथे नायिकेला फुकट मिळाले आहे असे समजावे.

राज्याभिषेकावर किंवा काकांच्या पराभवावर पुस्तक संपवण्याचा मोह होतो. त्याच्या पुढचा एक सामान्य दिवस लिहून पाहावा. ११४१ मध्ये इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारी सम्राज्ञी मटिल्डा लंडनपर्यंत पोहोचली, तिचा प्रतिस्पर्धी राजा स्टीफन तिच्या कैदेत होता, अभिषेक तोंडावर आला होता, आणि तिने पैशांची मागणी केल्यावर लंडनकरांनी उठून तिला शहराबाहेर घालवले. ती कधीच राणी म्हणून अभिषिक्त झाली नाही. जिंकणे आणि मान्य होणे यांत एवढे अंतर असू शकते, आणि ते दाखवायला कादंबरीत चार-दोन पाने तरी राखून ठेवावी लागतात. इरावतीच्या बाबतीत त्या पानांवर किल्लेदार आपल्या मुलाचे वतन मागायला येईल. तेच वतन तिने लग्नाच्या करारात सासरच्यांना लिहून दिलेले आहे, हे वाचकाला एव्हाना माहीत असावे, आणि मोर्तबाची पेटी या वेळी तिच्याच हातात असावी.